विचारून गेली

भुवी गेली, त्यानंतर सोलापुरातल्या लोकांना एक वाक्य तोंडपाठ झालं: आईचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. प्राणी उद्यानाच्या ट्रस्टच्या वकिलानं ते कोर्टात लिहून दिलं. त्या कागदाचा कुणीतरी फोटो काढला, तो व्हॉट्सॲपवर फिरला, आणि मग भाजीवालीपासून बँकेतल्या शिपायापर्यंत जो तो भुवीच्या आईकडं, सिद्धेश्वरीकडं, बघून हळहळायचा आणि तिची पाठ फिरली की मान हलवायचा. लोकांचं यात नवल वाटायला नको. दुसऱ्याच्या घरातलं मूल गेलं की आपलं का जाणार नाही याचं काहीतरी कारण माणसाला हवं असतं, आणि मोबाइल हे कारण फार सोयीचं पडतं.

सिद्धेश्वरीचा मोबाइल त्या दिवशी घरी फ्रिजवर चार्जिंगला लावलेला होता. तिनं हे पोलिसांना सांगितलं, माहेरी सांगितलं, शेजारणींना सांगितलं, आणि मग सांगायचं सोडून दिलं. कारण त्याच्या पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. मग तुझा हात कुठं होता?

हात कुठं होता ते सांगायचं तर तो रविवार सांगायला हवा.

होटगी रोडनं शहर मागं पडलं की त्या ट्रस्टचं प्राणी उद्यान लागायचं. हरणं, मोर, म्हातारं अस्वल आणि मगरींचं तळं. तळ्याला सगळीकडून उंच जाळी, जाळीला एक लोखंडी फाटक, आणि फाटकाच्या आत लगेच पाणी. ट्रस्टचे अध्यक्ष चन्नवीर अप्पा, आडत व्यापारी आणि समाजातलं जुनं, वजनदार माणूस. अनिलकुमार आणि सिद्धेश्वरीचं लग्न त्यांनीच जमवलं होतं, त्यामुळं घरात त्यांचं नाव देवाच्या खालोखाल निघायचं.

उद्यानाचा त्या दिवशी वर्धापनदिन होता. अनिलकुमार अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. रविवार तेवढा त्याचा मोकळा. तो, बायको, आई गुरम्मा आणि चार वर्षांची भुवनेश्वरी, म्हणजे भुवी, असे चौघं सकाळीच गेले. भुवीला मगर बघायची होती. मगरी उन्हात पडलेल्या बघून ती जरा नाराज झाली. "ह्या झोपल्यात की," ती म्हणाली. "कुणीतरी उठवा की."

तेवढ्यात अप्पा आले. बरोबर त्यांच्याच वयाची मंडळी, सगळ्यांच्या गळ्यात हार. अप्पांना मगरींसकट फोटो हवा होता आणि जाळी मधे येत होती, म्हणून वॉचमननं फाटक उघडलं. मंडळी फाटकात उभी राहिली. ओळखीचा म्हणून फोटो अनिलकुमारनं काढला. फोटो झाल्यावर सगळे चार पावलं बाहेर आले, अप्पांनी भुवीचा गालगुच्चा घेतला आणि आपल्या गळ्यातला शेवंतीचा हार काढून तिच्या गळ्यात घातला. तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला. सगळे हसले.

मग आपल्याकडं जे होतं तेच झालं. वडीलधारं माणूस समोर आलं की पाया पडायचं, आणि अर्धवट पडायचं नाही. सुनेनं डोक्यावरून पदर घ्यायचा, दोन्ही हात मोकळे करायचे, कमरेत वाकायचं, आणि समोर जेवढे मोठे उभे असतील तेवढ्यांपुढं वाकायचं. एखाद्याला चुकून वगळलं तर पुढच्या लग्नकार्यात ते ऐकून घ्यावं लागतं. गुरम्मा आधीच वाकली होती. सिद्धेश्वरीनं भुवीचा हात सोडला, पदर घेतला आणि वाकली. वॉचमननंही फाटक तसंच टाकलं आणि अप्पांच्या पायांसाठी पुढं आला. त्याच्यासारख्याला अप्पा रोज कुठं भेटतात. अनिलकुमार मान खाली घालून अप्पांच्या मोबाइलवर फोटो पाठवत होता. त्या घटकेला त्या जागेवर एक भुवी सोडली तर प्रत्येकाची मान खाली होती, आशीर्वाद देणाऱ्यांचीसुद्धा.

हार भुवीनं स्वतःच गळ्यातून काढला. त्यालाही कारण होतं, आणि ते कारण घरचंच होतं.

गुरम्माचा एक नेम होता. पूजेतली आठवड्याची फुलं पिशवीत भरून ती दर सोमवारी नातीला घेऊन सिद्धेश्वर तळ्यावर जायची. निर्माल्याच्या पिंपात पिशवी रिकामी व्हायची, पण एक फूल गुरम्मा हटकून मागं ठेवायची आणि ते नातीच्या हातानं पाण्यात सोडायला लावायची. फेकायचं नाही, वाकून हळू सोडायचं. देवाची फुलं आणि थोरांच्या गळ्यातली फुलं पायाखाली येऊ द्यायची नाहीत, हे त्या पोरीला बालवाडीत जायच्या आधी कळलं होतं. सिद्धेश्वरीला पाण्याची धास्ती. तिनं त्याच्यावर आपला एक नियम बसवला होता: पाण्याजवळ जायच्या आधी विचारायचं. भुवी कधी चुकली नाही. बादलीत कागदाची होडी सोडायची तरी ती आधी स्वयंपाकघरात येऊन विचारायची.

त्या दिवशीही तिनं विचारलं. सिद्धेश्वरी कुणाच्या तरी पायांशी वाकलेली होती. कमरेपाशी साडी ओढली गेली आणि आवाज आला, "मम्मी, फुलं सोडू?"

"हूं," ती म्हणाली.

प्रत्येक आई दिवसभर म्हणते तसलं ते हूं. कानापर्यंत आलेलं, डोक्यापर्यंत न गेलेलं. पण ते तिच्या तोंडून गेलं होतं, आणि भुवीच्या दृष्टीनं परवानगी मिळाली होती.

तळं काठापासूनच खोल होतं आणि काठ शेवाळलेला. वॉचमननं उडी मारली, त्यानंच तिला बाहेर काढलं. मगरी जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. लोक अजून दबल्या आवाजात विचारतात, मगरीनं ओढलं का हो, आणि नाही म्हटलं की त्यांचा विरस होतो. पोर पाण्यात गुदमरून गेली.

दवाखान्याच्या दारात अनिलकुमारनं सिद्धेश्वरीला विचारलं होतं, "तुजं लक्ष कुटं होतं?" ती म्हणाली, "पाया पडत होते." त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही आणि तिनं ते हूं कधी सांगितलं नाही. त्याला नाही, सासूला नाही, आईलाही नाही. त्या एका शब्दानं तिचं काळीज आतून कुरतडून टाकलं होतं, पण तो तिच्या तोंडातून निघत नव्हता. निघाला तर हा माणूस आपल्याकडं कधी तोंड करून बसणार नाही, एवढं तिला पक्कं वाटत होतं. तसाही तो आता डबा, गॅस आणि लाइट गेली का, याच्यापलीकडं बोलत नव्हता.

ट्रस्टनं आठवड्याभरात पेपरात छापून आणलं की फाटक बंदच होतं, पालकांनी आपल्या मुलांकडं लक्ष द्यायला हवं. तिथं अनिलकुमार पेटला. त्याच्याच मोबाइलमध्ये तो फोटो होता: हसरे अप्पा आणि त्यांच्या मागं सताड उघडं फाटक. त्यानं दावा लावला. मग ट्रस्टनं सूर बदलला. फाटक उघडं असेल, पण आईचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. अप्पांच्या ट्रस्टला कोर्टात खेचलं म्हणून भावकीनं या घराशी बोलणं टाकलं. गुरम्माला लग्नाची बोलावणी येईनात. एरवी असल्या गोष्टीवरून तिनं घर डोक्यावर घेतलं असतं, पण ती गप्प होती. अलीकडं ती कशावरच बोलत नव्हती, आणि सोमवारी तळ्यावर जाणंही तिनं बंद केलं होतं.

असं करता करता दोन वर्षांनी साक्षीची तारीख लागली. त्यांचे वकील हृषीकेश यांनी नवराबायकोला ऑफिसात बोलावलं. तरुण, हुशार आणि मनानंही चांगला माणूस. भुवीचा विषय निघाला की त्यांचाच आवाज आधी जड व्हायचा. त्यांनी सिद्धेश्वरीचं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. मी मुलीचा हात घट्ट धरला होता. मुलगी अचानक हिसडा देऊन पळाली. फाटक उघडे असल्याने ती आत गेली.

"पळाली?" सिद्धेश्वरी म्हणाली.

"वहिनी, तुम्ही हात सोडला असं कबूल केलंत, की समोरचा वकील तेवढंच धरून बसणार. निम्मी जबाबदारी तुमच्यावर टाकतील, कदाचित जास्तच. हिसडा दिला म्हटलं की तो प्रश्नच मिटतो."

"पण ती हिसडा देनारी पोर नव्हती हो."

"मला कळतं. पण एवढ्या लहान मुलाला कायदा दोषच देत नाही. तिच्यावर गेलं तर कुणाचंच काही बिघडत नाही."

वकिलांचं म्हणणं चूक नव्हतं. कायद्याच्या हिशेबानं ते सोळा आणे खरं होतं. ट्रस्टचं बोट आईकडं, आईचं बोट ट्रस्टकडं, आणि मधे जी बोलायला उरलीच नव्हती तिच्यावर थोडं ढकललं तर सगळ्यांनाच सोपं जात होतं. सिद्धेश्वरीनं नवऱ्याकडं पाहिलं.

"सही कर, सिद्धू," अनिलकुमार म्हणाला. "आपली पोर गेली ती गेली, वर तुला बदनाम केलं त्यांनी. मला एकदा जज्जाच्या तोंडून ऐकायचंय, चूक त्यांची म्हनून. मग मी गप बसतो." कित्येक महिन्यांत तो तिच्याशी सलग एवढं बोलला नव्हता. तिनं सही केली.

घरी आल्यावर तिनं ते वाक्य म्हणून बघितलं. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना. मुलगी हिसडा देऊन पळाली. ते खरं वाटावं म्हणून तिनं डोळ्यांसमोर भुवीला हिसडा देताना आणायचा प्रयत्न केला, पण भुवी काही केल्या हिसडा देईना. ती आपली साडी धरून, मान वर करून उभी. त्या पोरीनं जन्मात एकदाच हात ओढून घेतला होता, सरकारी दवाखान्यात गोवरची सुई बघून, आणि नंतर त्या नर्सबाईला "सॉरी" म्हणाली होती.

भुवीचं आता राहिलं होतं काय? फ्रॉक सिद्धेश्वरीनं कुणाला दिले नव्हते, पण त्यांचा वास गेला होता. राहिला होता तो तिचा स्वभाव, आणि तो फक्त आठवणाऱ्यांच्या तोंडात होता. उद्या कोर्टाच्या दप्तरात लिहिलं जाणार, की ती हट्टी होती, आईचा हात झिडकारून पळाली. पुढं कधी कुणी तो कागद काढला तर भुवी त्याला तशीच भेटणार. आणि हे लिहून देणार कोण, तर तिची आई. एका बाजूला हे, आणि दुसऱ्या बाजूला नवरा, जो त्या सहीनंतर दोन दिवस जेवताना समोर बसायला लागला होता. खरं सांगितलं तर तो जाणार, खोटं सांगितलं तर भुवी दुसऱ्यांदा जाणार.

साक्षीच्या दिवशी तिघंही रिक्षानं कोर्टात गेले. गुरम्माला घरी थांब म्हटलं होतं, पण ती आधीच चपला घालून दारात उभी होती. ट्रस्टच्या बाजूनं वकील आणि मॅनेजर आले होते. अप्पा आले नव्हते, त्यांचं वय झालं होतं. न्यायाधीश बाई होत्या, चष्मा लावलेल्या, थकलेल्या. सिद्धेश्वरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ झाली. हृषीकेशनी प्रतिज्ञापत्र तिच्या हातात दिलं.

"ही सही तुमची?"

"व्हय."

"यातला मजकूर खरा आणि बरोबर आहे?"

ह्याला हो म्हणायचं असतं. सगळेच म्हणतात. तो प्रश्न विचारताना वकील पुढचा कागद चाळत असतात, इतकं ते ठरलेलं असतं.

"न्हाय," सिद्धेश्वरी म्हणाली.

हृषीकेशनी मान वर केली. ट्रस्टच्या वकिलानं पेन उचललं. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "काय बरोबर नाही?"

"पळाली म्हनून लिवलंय. ती पळाली न्हाय. हिसडाबी दिला न्हाय. मी हात सोडला, पाया पडायला. तिच्या गळ्यात अप्पांनी हार घातला होता. असली फुलं पान्यात सोडायची, असं आमी घरात शिकवलेलं. आनि पान्याजवळ जायचं तर इचारून जायचं, हेबी शिकवलेलं. तिनं इचारलं."

"कुणाला विचारलं?"

"मला. मम्मी, फुलं सोडू, म्हनाली. मी हूं म्हनले. माजं ध्यान नव्हतं, पन मी म्हनले. ती इचारून गेली, मॅडम. माजी पोर न इचारता कुटंच जात नव्हती."

न्यायाधीश बाईंनी खालच्या आवाजात टायपिस्टला मजकूर सांगितला, आणि मधेच थांबून पदरानं चष्मा पुसला.

"अजून एक लिवा," सिद्धेश्वरी म्हणाली. "फाटक उघडं होतं. फोटोसाठी उघडलं, ते कुणी लावलं न्हाय. ते लावलेलं असतं तर माज्या हूं म्हनन्यानं काय झालं नसतं. फुलं घिऊन परत आली असती. मी हूं म्हनले, आनि फाटक उघडं होतं. दोनीबी लिवा."

बाईंनी दोन्ही लिहून घ्यायला सांगितलं. उलटतपासणी करायची का, असं त्यांनी ट्रस्टच्या वकिलाला विचारलं. तो उठला आणि काही विचारायचं नाही म्हणून खाली बसला. विचारायला उरलंच काय होतं? त्याचं काम तिनं स्वतःच करून दिलं होतं. पण कागदावर भुवी आता होती तशी होती, आणि पिंजऱ्यातून उतरताना सिद्धेश्वरीला तेवढंच कळत होतं.

बाहेर व्हरांड्यात अनिलकुमार बाकावर बसला होता. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. हृषीकेश आले, "बघू, फोटो आहे आपल्याकडं," असं काहीतरी पुटपुटले आणि दुसऱ्या कोर्टाकडं गेले. चहावाला ग्लास वाजवत समोरून गेला. सिद्धेश्वरी खांबाला टेकून उभी राहिली. नवरा आता उठेल आणि एकटाच निघून जाईल, अशी ती वाट बघत होती. तिनं त्याची तयारी केली होती.

उठला कुणीच नाही. बोलली ती गुरम्मा. पदर तोंडाला लावून, सुनेकडं न बघता, समोरच्या भिंतीला सांगावं तसं.

"आदी मला इचारलं तिनं."

"काय, अत्ती?" सिद्धेश्वरीनं विचारलं. सासूला ती कानडी रीतीनं अत्ती म्हणायची.

"आदी माज्याकडं आली. अज्जी, फुलं सोडू, म्हनाली. माजी मान अप्पांच्या पायावर. मी म्हनलं, मम्मीला इचार. मान वर करून बघितलंबी न्हाय मी. नन्न कूसु, माजं लेकरू, हितनं तितं इचारत फिरलं गं सिद्धू. दोन वर्सं झाली, मी तुला एकटीला बोल खाऊ दिले."

सिद्धेश्वरी खाली बसली, सासूच्या पायाशी, फरशीवरच. दोन वर्षं तिला वाटत होतं की भुवीनं एकदाच विचारलं. तिनं दोनदा विचारलं होतं. ते चिमणं पोर हातात हार सावरत एका वाकलेल्या पाठीकडून दुसऱ्या वाकलेल्या पाठीकडं गेलं होतं, सांगितलं तसं, नियमानं. गुरम्मानं सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघी येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता रडल्या.

अनिलकुमार कधी उठून त्यांच्याजवळ आला ते त्यांना कळलं नाही. तो उभाच होता. त्याचा चेहरा बघून सिद्धेश्वरीनं डोळे खाली वळवले. मग तोही फरशीवर बसला, तिच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल असा.

"मोबाइल माज्या हातात होता," तो म्हणाला. "फोटो पाठवत होतो. माज्याकडं आली असती, तर मीबी हूंच म्हनलो असतो."